वाचकांचे प्रश्न : कल्चरच्या रजिस्टरातून अँटिबायोग्राम

कोणता जंतू कोणत्या अँटिबायोटिकला किती टक्के दाद देतो, याचा लॅबने वर्षाकाठी काढलेला तक्ता म्हणजे अँटिबायोग्राम. कल्चरचा, म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट हाती यायला दोन-तीन दिवस जातात. तोवर पेशंटला काय सुरू करायचं, हे ठरवताना डॉक्टरांना हा तक्ता लागतो. सांगली-सातारा भागातल्या लॅब, दवाखाने आणि पशुवैद्यकांकडून या तक्त्याबद्दल आणि तो काढण्याच्या सॉफ्टवेअरबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्याकडे महिन्याला साठ-सत्तर कल्चर होतात. चार वर्षांच्या नोंदी एक्सेलमध्ये आहेत, प्रत्येक औषधापुढे एस (दाद देतो), आय (मधला) किंवा आर (दाद देत नाही) एवढंच लिहिलेलं. गावातल्या फिजिशियननी अँटिबायोग्राम मागितलाय. कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, खर्च किती येईल? (लॅब टेक्निशियन, विटा)

खर्च काही नाही. हूनेट हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये जागतिक आरोग्य संघटनेचं एक सहयोगी केंद्र आहे, तिथे १९८९ पासून ते घडत आलं आहे. आपल्याकडे एनसीडीसीच्या, म्हणजे राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राच्या जाळ्यातल्या लॅबही हेच वापरतात. विंडोजचा साधा लॅपटॉप पुरतो. साठ-सत्तर कल्चरसाठी विकतचं काही घ्यायची गरज नाही. तरी कुणी गळ्यात मारायला आलंच, तर एवढंच विचारा: एकाच पेशंटची पुन्हा-पुन्हा आलेली कल्चर तुमचं मॉड्यूल गाळतं का? उत्तर गोलमोल आलं तर चहा पाजून वाटेला लावा.

सुरुवात 'न्यू लॅबोरेटरी'पासून. देश, लॅबचं नाव, छोटा कोड टाकला की 'अँटिबायोटिक्स' येतं. इथे घाई नको, कारण पुढचा सगळा हिशेब याच पानावर उभा राहतो. हूनेट प्रत्येक औषधाला एक कोड देतं: आधी औषधाची तीन अक्षरं, मग मार्गदर्शक संस्थेचं अक्षर (अमेरिकेच्या सीएलएसआयसाठी एन, युरोपच्या युकास्टसाठी ई), मग पद्धतीचं अक्षर (डिस्क, म्हणजे औषधाची कागदी चकती, तिच्यासाठी डी; एमआयसी, म्हणजे जंतूची वाढ थांबवणारी औषधाची सर्वांत कमी तीव्रता, तिच्यासाठी एम; एमआयसी दाखवणाऱ्या ई-टेस्टच्या पट्टीसाठी ई) आणि डिस्क असेल तर शेवटी तिचे मायक्रोग्रॅम. हे मायक्रोग्रॅम अंदाजाने भरू नका, कुपीवरचं लेबल वाचून भरा. सीएलएसआयप्रमाणे सेफोटॅक्सिमची डिस्क ३० मायक्रोग्रॅमची, युकास्टप्रमाणे ५ ची. नायट्रोफ्युरंटॉइन इकडे ३००, तिकडे १००. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम इकडे १००/१०, तिकडे ३०/६. डिस्क एका पद्धतीची आणि तक्ता दुसऱ्या पद्धतीचा असं झालं, तर सॉफ्टवेअर कुरकुर न करता चुकीचा निकाल देईल.

मग 'लोकेशन्स'. ओपीडी, वॉर्ड आणि आयसीयू हे तीन तरी वेगळे ठेवा. बाहेरच्या दवाखान्यांतून नमुने येत असतील तर प्रत्येकाला आपला कोड द्या.

आता मुख्य गोष्ट. इथून पुढे एस, आय, आर लिहिणं बंद करा आणि झोनचे, म्हणजे डिस्कभोवती जंतू न उगवलेल्या वर्तुळाच्या व्यासाचे, मिलिमीटर लिहा. झोन पडलाच नसेल तर ६ लिहा, शून्य नाही. डिस्कच ६ मिमीची असते. एस-आय-आर लावायचं काम हूनेट स्वतः करतं. टेक्निशियनने प्लेटवर पाहिलेली वस्तू म्हणजे तो आकडा. एस किंवा आर हा त्या वर्षीच्या नियमाने दिलेला निवाडा, आणि नियम बदलतो. (पुढचा साताऱ्याचा प्रश्न याच दुखण्याचा आहे.)

जुनी चार वर्षं वाया जाणार नाहीत. हूनेट नुसतं एस-आय-आरही स्वीकारतं, त्यामुळे तो डेटा आत घेता येईल. मात्र जुन्या आणि नव्या वर्षांचा आलेख एकाच कागदावर काढू नका.

नोंदी भरल्या की 'डेटा अ‍ॅनालिसिस'मध्ये जाऊन 'टक्के आरआयएस अँड टेस्ट मेजरमेंट्स' निवडा. 'ऑर्गॅनिझम्स'मध्ये जंतू, 'वन पर पेशंट'मध्ये 'फर्स्ट आयसोलेट' (आयसोलेट म्हणजे नमुन्यातून उगवलेला जंतू), 'डेटा फाइल्स'मध्ये बारा महिने. बटण दाबलं की तक्ता समोर येतो. पहिल्या खेपेला फक्त लघवीतला ई. कोलाय घ्या. तुमच्याकडे सगळ्यांत जास्त तोच असणार, आणि हाताने मोजून पडताळताही येईल.

प्रश्न : सॉफ्टवेअर अपडेट केलं आणि ई. कोलायची सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद एकदम घसरली. डेटा तोच, वर्ष तेच. बिघाड कुठे शोधायचा? (पॅथॉलॉजिस्ट, सातारा)

बिघाड नाही, ब्रेकपॉइंट, म्हणजे एस-आय-आर ठरवणारे सीमेचे आकडे, बदलले आहेत. एन्टेरोबॅक्टेरेल्स गटासाठी, म्हणजे ई. कोलाय, क्लेब्सिएला वगैरेंसाठी, सिप्रोफ्लॉक्सासिनच्या ५ मायक्रोग्रॅम डिस्कचा जुना नियम असा होता: २१ मिमी किंवा जास्त असेल तर एस, १६ ते २० आय, १५ किंवा कमी आर. सीएलएसआयने २०१९ मध्ये तो कडक केला. आता एस साठी २६ लागतात, २२ ते २५ आय, २१ किंवा कमी आर. साल्मोनेलाचे आकडे वेगळे आहेत, ते यात धरू नका.

म्हणजे २१ मिमीचा झोन काल एस होता, आज थेट आर आहे. मधला आयचा टप्पासुद्धा नाही. आपल्याकडच्या लघवीच्या कल्चरमध्ये २१ ते २५ या पट्ट्यात बरेच झोन पडत असतील, तर टक्केवारी एका रात्रीत कोसळणारच.

२०२३ मध्ये अमिनोग्लायकोसाइड या औषधगटाची पाळी आली. याच गटासाठी अमिकासिनला एस म्हणायला पूर्वी १७ मिमी पुरायचे, आता २० लागतात. जेन्टामायसिनला १५ पुरायचे, आता १८. ज्यांनी २०२२ चा तक्ता जुन्या आकड्यांनी आणि २०२४ चा नव्या आकड्यांनी काढला, त्यांना 'जेन्टामायसिन निकामी होत चाललं' असं वाटेल. जंतू होता तिथेच असू शकतो, पट्टी सरकली.

करायचं ते असं. लॅब कॉन्फिगरेशनमधल्या अँटिबायोटिक्सच्या पानावर ब्रेकपॉइंट उघडून ते कोणत्या वर्षाचे आहेत ते बघा. मग मागची तीन वर्षं पुन्हा आजच्याच ब्रेकपॉइंटने चालवा. तुमच्याकडे मिलिमीटर आहेत, म्हणून हे पाच मिनिटांचं काम. नुसतं एस-आय-आर असतं तर मागे जायला वाटच नव्हती. छापील तक्त्याच्या तळाशी 'सीएलएसआय, अमुक वर्ष' एवढी एक ओळ घाला. डॉक्टरांना फोनवर तासभर समजावण्यापेक्षा ती ओळ बरी.

ऑटोमेटेड मशीन असलेल्यांनी आणखी एक तपासावं. मशीनच्या आतले ब्रेकपॉइंट आणि हूनेटचे ब्रेकपॉइंट एकाच वर्षाचे असतीलच असं नाही. मशीनमधून बाहेर काढताना एमआयसीचा आकडा घ्या, मशीनने लावलेलं एस-आर नको.

प्रश्न : आयसीयूचे डॉक्टर म्हणतात, तुमच्या तक्त्याइतकं वाईट चित्र आम्हाला पेशंटमध्ये दिसत नाही. खरं कुणाचं? (मायक्रोबायॉलॉजिस्ट, कराड)

बहुधा डॉक्टरांचं. समजा वर्षभरात ४० पेशंटमध्ये क्लेब्सिएला सापडला. त्यांपैकी ३६ जणांचा मेरोपेनेमला एस, चौघांचा आर. त्या चौघांतला एक जण दीड महिना व्हेंटिलेटरवर होता आणि त्याचं कल्चर नऊ वेळा गेलं, नऊही वेळा आर. रजिस्टरमध्ये ओळी झाल्या ४८, एस त्याच ३६. टक्केवारी ७५. पेशंट मोजले तर ४० पैकी ३६, म्हणजे ९०. एका खाटेवरच्या माणसाने अख्ख्या हॉस्पिटलचा तक्ता १५ टक्क्यांनी खाली ओढला.

म्हणून सीएलएसआयचं एम३९ हे मार्गदर्शक सांगतं की, ठरवलेल्या कालावधीत एका पेशंटचा एका जातीचा पहिलाच आयसोलेट धरा. तो रक्तातून आला की लघवीतून, एस होता की आर, हे बघायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या, प्रतिरोधावर नजर ठेवणाऱ्या ग्लास या व्यवस्थेत थोडा फरक आहे: तिथे नमुन्याच्या प्रकारागणिक एक, म्हणजे त्याच पेशंटचा रक्तातला एक आणि लघवीतला एक. दोन्हींचे आकडे जुळले नाहीत तर घाबरू नका. स्क्रीनिंगचे नमुने, म्हणजे संसर्ग नसताना फक्त जंतू बसलाय का ते पाहायला घेतलेले गुदद्वाराचे किंवा नाकाचे स्वॅब, दोन्हीकडे वगळायचे.

इथवर सोपं. खरी गोची पेशंट क्रमांकात असते. हूनेट 'पहिला आयसोलेट' ओळखतं ते पेशंट आयडीवरून. बऱ्याच ठिकाणी तिथे रोजचा लॅब नंबर भरलेला असतो. मग तोच माणूस नऊ वेळा नऊ वेगळे पेशंट होतो आणि 'फर्स्ट आयसोलेट' निवडून काहीच फरक पडत नाही. पारख सोपी आहे: गाळण्याआधीची आणि नंतरची संख्या जवळजवळ सारखी आली तर आयडी खोटा आहे असं समजा. ओपीडीचा केस पेपर दर भेटीला नवा मिळत असेल तर तोही कामाचा नाही. हॉस्पिटलचा कायम क्रमांक घ्या. नसेल तर लॅबने स्वतःचा चालू करावा. नावावरून जुळवायला जाऊ नका. सावंत एकदा 'व्ही'ने येतात, एकदा 'डब्ल्यू'ने, आणि शिंदे तर प्रत्येक वॉर्डात दोन-दोन.

आणखी एक शक्यता. मेरोपेनेमची डिस्क सगळ्यांना लावता, की सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला आर आलेल्यांनाच? काटकसर म्हणून दुसरा प्रकार चालतो. मग मेरोपेनेमची टक्केवारी फक्त आधीच बिघडलेल्या जंतूंवरून निघते. दोन्ही औषधांपुढचे एकूण तपासलेले आकडे शेजारी ठेवा. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन २१० आणि मेरोपेनेम ८५ असं दिसलं, तर मेरोपेनेमचा रकाना छापू नका.

प्रश्न : एक्सेलची फाइल बॅकलिंकमधून हूनेटमध्ये घेतली. निम्म्या तारखा उलट्या, काही पेशंट गायब, आणि अमॉक्सिक्लॅवच्या रकान्यात चक्क '४ ऑगस्ट'! (लॅब संचालक, सांगली)

बॅकलिंक हे हूनेटसोबत येणारं, दुसऱ्या फाइली हूनेटच्या रूपात आणणारं साधन. तिन्ही तक्रारींत ते निर्दोष आहे. घोळ एक्सेलने आधीच घातलेला असतो.

अमॉक्सिक्लॅवचं एमआयसी ८/४ असं लिहितात, पहिला आकडा अमॉक्सिसिलिनचा, दुसरा क्लॅव्हुलनेटचा. एक्सेलला ती तारीख वाटते. ४/२ चं २ एप्रिल होतं. एकदा तारीख झाली की आत साठतो पंचेचाळीस हजारांच्या घरातला एक आकडा, आणि रकाना नंतर 'टेक्स्ट' केला तर तोच आकडा उघडा पडतो. म्हणून रकाना भरण्याआधी 'टेक्स्ट' करायचा, किंवा सरळ पहिलाच आकडा लिहायचा, ८. मात्र '<=' आणि '>' ही चिन्हं खाऊ नका.

तारखांचं कारण लॅपटॉपच्या विंडोजची अमेरिकन मांडणी, महिना आधी आणि दिवस नंतर. ५ जूनची ०५/०६ ही तारीख ६ मे होते. १३ तारखेपासून पुढे महिना तेरावा नसतोच, म्हणून त्या तारखा नुसत्या मजकूर म्हणून पडून राहतात. 'निम्म्या' उलट्या दिसतात त्या यामुळे. ओळखायचं असं: नमुन्याची तारीख रिपोर्टच्या तारखेनंतरची आहे अशा ओळी वेगळ्या काढून बघा. यापुढे तारीख २०२५-०६-०५ अशी, वर्ष आधी, लिहा. ती कुठल्याच मांडणीत पलटत नाही. आकडे इंग्रजी अंकांत भरा. देवनागरी अंक टाइप केले तर तारीख ओळखलीच जात नाही.

गायब पेशंट हे शून्याचे बळी. ००४५१२ चा ४५१२ झाला, मग एका फाइलीत एक आणि दुसरीत दुसरा. इथेही तोच उपाय, रकाना आधी 'टेक्स्ट'.

बॅकलिंकमध्ये फाइल चालवली की शेवटी न ओळखलेल्या नावांची यादी येते. ती बंद करून पुढे जाण्याचा मोह टाळा. 'ई कोलाय', 'ई.कोली', 'ईकोलाय ईएसबीएल' असे सगळे अवतार एकेकदा योग्य कोडला जोडून ठेवा, पुढच्या महिन्यापासून आपोआप जुळतील. 'ईएसबीएल' (काही अँटिबायोटिक्स निकामी करणारं जंतूचं एन्झाइम) हा जंतूच्या नावाचा भाग करू नका, त्याला वेगळा रकाना आहे. 'नो ग्रोथ'च्या ओळीही उडवू नका. किती नमुन्यांतून किती जंतू उगवले, हे नंतर कुणीतरी विचारतंच.

प्रश्न : झोनच्या ग्राफमध्ये १५, २० आणि २५ मिमीवर उंच खांब आणि मध्ये खड्डे दिसतात. असा जंतू असतो का? (टेक्निशियन, वाई)

जंतू असा नसतो, मोजणारा असतो. कुणीतरी डोळ्याच्या अंदाजाने पाचच्या पटीत आकडे लिहितंय. चांगल्या मोजणीत खांब टेकडीसारखे चढतात-उतरतात. बहुतेक औषधांना दोन टेकड्या दिसतात, एक ६ च्या आसपास आणि एक उजवीकडे. मोजताना प्लेट पालथी धरा, खाली काळा कागद, प्रकाश समोरून, आणि व्हर्निअर किंवा सरकती पट्टी. ब्रेकपॉइंटच्या नेमका अलीकडे खड्डा आणि पलीकडे खांब दिसला, तर रिपोर्ट 'सोपा' करण्यासाठी आकडा ढकलला जातोय. ते जास्त वाईट.

हाच ग्राफ माध्यमाचीही चहाडी करतो. सगळीच टेकडी उजवीकडे सरकली तर म्युलर-हिंटन (जंतू वाढवायचं अगारचं माध्यम) प्लेटमध्ये पातळ थराचं ओतलं गेलंय. थर ४ मिमी हवा, म्हणजे ९० मिमीच्या प्लेटला साधारण २५ मिली. बीटा-लॅक्टम (पेनिसिलिन, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन वगैरे) औषधांचीच टेकडी डावीकडे सरकली तर डिस्क मेल्या आहेत, त्यांतलं औषध उतरलंय. साठा उणे २० अंशांवर, रोजच्या कुप्या २ ते ८ वर. कुपी उघडण्याआधी तासभर बाहेर ठेवा, नाहीतर थंड डिस्कवर पाणी धरतं. वीज जाऊन फ्रिज कोमट पडतो त्या गावांत हे मनावर घ्या. नक्की काय ते क्वालिटी कंट्रोलच, म्हणजे ठरलेल्या प्रमाण जंतूंवरची चाचणीच, सांगेल: ई. कोलाय एटीसीसी २५९२२ ला सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचा झोन २९ ते ३५ आणि जेन्टामायसिनचा १९ ते २६ यायला हवा. स्टॅफिलोकोकस ऑरियस एटीसीसी २५९२३ ला सेफॉक्सिटिनचा २३ ते २९. हे आकडेही हूनेटमध्ये भरा.

प्रश्न : आम्ही स्टॅफला व्हॅन्कोमायसिनची आणि क्लेब्सिएलाला कोलिस्टिनची डिस्क लावतो, झोन भरतो, तरी हूनेट निकाल देत नाही. (टेक्निशियन, तासगाव)

देत नाही हे बरोबर करतं. या दोन जोड्यांना सीएलएसआयमध्ये डिस्कचा ब्रेकपॉइंटच नाही. दोन्ही रेणू मोठे, अगारमधून नीट पसरत नाहीत, त्यामुळे झोनवरून प्रतिरोधी जंतू वेगळा काढता येत नाही. कंपनी डिस्क विकते म्हणून चाचणी वैध होत नाही.

व्हॅन्कोमायसिनला ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (औषधाच्या वाढत्या तीव्रतेच्या द्रव माध्यमात जंतू वाढवून पाहणं) किंवा ई-टेस्टची पट्टी वापरा. कोलिस्टिनला ती पट्टीही चालत नाही. छोट्या लॅबला परवडणारा मार्ग म्हणजे ब्रॉथ डिस्क एल्यूशन. कॅटायन-अ‍ॅडजस्टेड म्युलर-हिंटन ब्रॉथच्या १० मिलीच्या चार काचेच्या नळ्या घ्या. त्यांत अनुक्रमे ०, १, २ आणि ४ कोलिस्टिन डिस्क (१० मायक्रोग्रॅमच्या) टाका, म्हणजे प्रति मिली ०, १, २, ४ मायक्रोग्रॅम झालं. अर्धा तास तशाच ठेवा, औषध उतरू द्या. मग ०.५ मॅकफार्लंड (हे गढूळपणाचं माप) इतक्या जंतूंच्या मिश्रणाचे ५० मायक्रोलिटर प्रत्येकीत घाला. झाकण सैल ठेवून ३५ अंशांवर १६ ते २० तास. ज्या सर्वांत कमी तीव्रतेत गढूळपणा नाही ते एमआयसी. बिनडिस्कच्या नळीत वाढ दिसली नाही तर सगळं फेकून पुन्हा करा. ही पद्धत एन्टेरोबॅक्टेरेल्स आणि स्युडोमोनास एरुजिनोसापुरती, अ‍ॅसिनेटोबॅक्टरला नाही. निकाल हूनेटमध्ये डिस्क म्हणून नको, एमआयसी म्हणून भरा. आणि कोलिस्टिनला सीएलएसआयमध्ये एस असा प्रकारच उरलेला नाही: २ पर्यंत आय, ४ पासून आर. तक्त्यात 'कोलिस्टिन १०० टक्के एस' छापलेलं कुठे दिसलं तर तो तक्ता बाजूला ठेवा.

प्रश्न : आमच्या दवाखान्यात वर्षात स्युडोमोनास फक्त १७ वेळा आला. त्याची टक्केवारी काढू का? (फिजिशियन, पलूस)

नको. एम३९ चा उंबरठा ३० आयसोलेटचा आहे, आणि तिथेही आकडा बराच डळमळतो. ३० पैकी १८ एस, म्हणजे ६० टक्के आले, तर ९५ टक्के विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा बहुधा ज्या पट्ट्यात असेल तो पट्टा, ४२ ते ७५ निघते. तेच ३०० पैकी १८० असतील तर ५४ ते ६५. दोन वर्षं एकत्र करा, किंवा आसपासच्या दवाखान्यांनी मिळून तक्ता काढा. पण पद्धत, डिस्क आणि ब्रेकपॉइंट सारखे असतील तरच.

एक इशारा सगळ्यांसाठीच. कल्चर पाठवलं जातं ते बहुधा दोन औषधं वाया गेल्यावर. साधी लघवीची जळजळ गावातल्या डॉक्टरकडे गोळीने बरी होते, लॅबपर्यंत येतच नाही. मिरजेत तर अथणी-चिकोडीकडून आणि सोलापूरकडून उपचार घेऊन थकलेले पेशंट येतात. त्यामुळे लॅबचा आकडा हा जिल्ह्याचा आकडा नव्हे. ओपीडीचा तक्ता वेगळा काढला तर निदान अर्धं दुखणं कमी होतं.

प्रश्न : प्रबंधासाठी 'आर' या संख्याशास्त्राच्या संगणकीय भाषेतलं एएमआर पॅकेज वापरतेय. हूनेटमध्ये आणि यात आकडे जुळत नाहीत. (पदव्युत्तर विद्यार्थिनी, मिरज)

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या मंडळींनी बनवलेलं हे पॅकेज उत्तम आहे. हूनेटला जे जमत नाही ते, म्हणजे मॉडेल, सुबक आलेख, हजारो ओळींची साफसफाई, यात होतं. पण त्याच्या न सांगता लागू होणाऱ्या तीन निवडी तुम्हाला नडत आहेत.

एक, झोनचं एस-आय-आर करणारं 'अ‍ॅज डॉट एसआयआर' हे फंक्शन काही सांगितलं नाही तर युकास्ट धरतं. 'गाइडलाइन'मध्ये सीएलएसआय आणि वर्ष स्पष्ट लिहा. दोन, 'ससेप्टिबिलिटी' हे फंक्शन एससोबत आयही मोजतं. युकास्टच्या २०१९ पासूनच्या व्याख्येत आय म्हणजे 'जास्त डोस दिला तर चालेल', म्हणून त्यांच्या हिशेबात ते ठीक. एम३९ मध्ये फक्त एस. त्यासाठी 'प्रपोर्शन एस' वापरा. सिप्रोफ्लॉक्सासिनमध्ये हा फरक मोठा पडतो. तीन, 'फर्स्ट आयसोलेट' फंक्शनची नेहमीची पद्धत 'फेनोटाइप-बेस्ड' आहे: त्याच पेशंटचा जंतू प्रतिरोधाच्या नक्षीने बदललेला असेल तर तो पुन्हा मोजला जातो. हूनेटशी जुळवायचं तर 'पेशंट-बेस्ड' करा.

तिन्ही बदलूनही फरक राहिला तर पेशंट आयडी तपासा. मोजकेच आयसोलेट असलेल्या जागी रिकामं येईल, कारण ३० ची अट पॅकेजमध्येही आहे. ती काढून टाकू नका. इंटरनेटवरच्या जुन्या उदाहरणांत फंक्शनच्या नावात 'आरएसआय' दिसेल. २०२३ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून ते 'एसआयआर' झालं. सरावाला पॅकेजमध्येच हूनेटच्या साच्यातला ५०० ओळींचा नमुना डेटा आहे. आधी त्यावर हात बसवा.

प्रश्न : गाईंच्या कासदाहाचे नमुने हूनेटमध्ये टाकता येतील का? (पशुवैद्यक, फलटण)

येतील. लॅब कॉन्फिगरेशनच्या 'डेटा फील्ड्स'मध्ये प्राण्यांचे रकाने जोडून घ्या. माणसांच्या फाइलीत मिसळू नका. वेगळी लॅब म्हणूनच नोंदवा. ब्रेकपॉइंट सीएलएसआयच्या पशुवैद्यकीय तक्त्यांतले हवेत, कारण गाईच्या कासेत औषध किती पोचतं याचा हिशेब माणसाच्या रक्तापेक्षा निराळा आहे. ज्या औषधाला गाईसाठी ब्रेकपॉइंट नाही, तिथे मिमी तेवढे ठेवा आणि टक्केवारी काढू नका.

पेशंट आयडीच्या जागी कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक घाला. चारही सडांचे नमुने पाठवले असतील तर सड वेगळ्या रकान्यात, म्हणजे एक गाय एकदाच मोजली जाईल. आणि हा रकाना एक्सेलमध्ये आधी 'टेक्स्ट' करायला विसरू नका. १२ अंकी संख्या एक्सेल घातांकाच्या रूपात दाखवतं, आणि सीएसव्ही म्हणून जतन केलं की मागचे अंक कायमचे जातात. मग अख्ख्या गोठ्याची एकच गाय होते. पद्धतीबद्दल अडलं तर शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळच आहे.

प्रश्न : फाइल जिल्ह्याला पाठवताना पेशंटची नावं जातात. काय करावं? (लॅब इन्चार्ज, जत)

हूनेटमध्ये फाइली एकत्र करण्याचा आणि निर्यात करण्याचा जो पर्याय आहे, त्यातच ओळख पटवणारे रकाने वगळण्याची किंवा सांकेतिक करण्याची सोय आहे. नाव वगळा, आयडी सांकेतिक करा. आयडीच उडवला तर पुढे कुणालाही पहिला आयसोलेट निवडता येणार नाही. मूळ फाइलीची प्रत दर महिन्याला पेनड्राइव्हवर घ्या आणि तो पेनड्राइव्ह लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.